आधी प्रश्न, मग पाना

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. दौलताबादचा किल्ला मागे पडला की घाट लागतो आणि घाट संपला की खुलताबाद येते. घाट तसा लहानच आहे. एस. टी. च्या गाड्या तो फारशी कुरकुर न करता चढतात. माझी स्कूटर मात्र दोन वर्षांपूर्वी त्या घाटात हटून बसू लागली, आणि तिने मला जो धडा दिला तो एम. एस्सी. च्या दोन वर्षांत मिळाला नव्हता. त्या धड्याविषयी, आणि त्यामुळे शाळा-कॉलेजांतल्या प्रात्यक्षिकांविषयी माझे जे मत झाले आहे त्याविषयी, आज लिहावयाचे आहे.

स्कूटर वडिलांची. वीस-बावीस वर्षांची आणि बिनगिअरची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. थोडा माझाही होता. सपाट रस्त्यावर ती ताशी ५० कि. मी. वेगाने गुमान चालत असे. घाटात शिरले की मात्र इंजिनाचा आवाज दबत जाई, वेग तीसवर येई, मग वीसवर, आणि अखेर मागे बसलेल्या माणसाला उतरून चालावे लागे. मागे बसलेले माणूस बहुधा माझी पत्नी असे. त्यामुळे दुरुस्तीचा विषय आमच्या घरी फार दिवस रेंगाळणे शक्य नव्हते!

मी काय केले? प्रथम कार्ब्युरेटर साफ करून घेतला आणि स्पार्क प्लग बदलला. फरक पडला नाही. मग कोणी तरी म्हणाले, पट्टा गेला असेल. पट्टा बदलला. मग आणखी कोणी तरी म्हणाले, रोलर झिजले असतील आणि क्लचही पाहून घ्या. रोलर बदलले, क्लचही बदलला. तीन महिन्यांत साडेतीन हजारांच्या घरात रुपये गेले आणि घाटात स्कूटर पूर्वीसारखीच दबत राहिली. लक्षात घ्या, हा मनुष्य अठरा वर्षे वर्तुळाकार गती, घर्षण आणि बलाचे परिबल हे विषय फळ्यावर शिकवीत आलेला आहे.

आता ही बिनगिअरची स्कूटर म्हणजे काय ते आधी पाहू. कारण 'बिनगिअरची' हा शब्दच फसवा आहे. तिच्यात गिअर नसतात असे नव्हे. ते बदलण्याचे काम चालकाला करावे लागत नाही, एवढेच. आपल्याकडे या सोयीची ओळख दोन पायऱ्यांनी झाली. १९७२ साली आलेल्या कायनेटिकच्या लूनामध्ये आपोआप जोडला जाणारा क्लच होता. क्लच दाबण्याची कटकट नव्हती. मग १९८४ साली फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि कायनेटिक होंडा ही स्कूटर आली. तिच्यात गिअरचे प्रमाणही आपोआप बदलत असे. त्या काळी हँडलची मूठ फिरवून चार गिअर टाकावे लागणाऱ्या चेतकवर हात बसलेल्या लोकांना हा चमत्कारच वाटला. पुढे या शतकाच्या सुरुवातीला होंडा ॲक्टिव्हा आली आणि मग पेट्रोलवर चालणाऱ्या जवळजवळ सगळ्याच स्कूटरी या पद्धतीच्या झाल्या. (विजेवरच्या स्कूटरींची गोष्ट वेगळी. विजेची मोटर अगदी कमी फेऱ्यांतही पुरेसे जोर लावते, म्हणून त्यांना सहसा हे बदलते प्रमाण लागत नाही.)

मूळ कल्पना मात्र स्कूटरसाठी निघालेली नव्हती. नेदरलँड्समधील हुब व्हान डोर्न यांनी १९५८ साली 'डाफ ६००' नावाची छोटी मोटार लोकांपुढे मांडली, तिच्यात रबरी पट्टे आणि सरकत्या कप्प्या होत्या. या रचनेत पुढे जाताना जी प्रमाणे मिळत तीच मागे जातानाही मिळत. त्यामुळे ती मोटार जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने उलटीही जाऊ शके, आणि डच लोकांनी नंतर चक्क उलट्या मोटारींच्या शर्यती लावल्या. असो.

सायकलचे उदाहरण घ्या. गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण मागे मोठे दातेरी चक्र घेतो. पाय भराभर फिरतात, चाक सावकाश फिरते, पण जोर जास्त लागतो. सपाटीवर याच्या उलट. स्कूटरमध्ये दातेरी चक्रांच्या जागी दोन कप्प्या असतात आणि साखळीच्या जागी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या छेदाचा रबरी पट्टा असतो. प्रत्येक कप्पी म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन तिरप्या तबकड्या. त्यांतील एक जागच्या जागी पक्की आणि दुसरी अक्षावर सरकणारी. तबकड्या जवळ आल्या की पट्टा मधल्या फटीतून वर, म्हणजे परिघाकडे, ढकलला जातो. दूर गेल्या की तो खाली, अक्षाकडे, उतरतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे तो पुढच्या कप्पीवर चढला की मागच्या कप्पीवर त्याला उतरावेच लागते. समजा, निघताना तो पुढे ४ सें. मी. व्यासाच्या वर्तुळावर आणि मागे १० सें. मी. व्यासाच्या वर्तुळावर आहे. मग इंजिनाचे अडीच फेरे झाले की मागची कप्पी एकदा फिरेल. वेग वाढल्यावर पुढे ८ आणि मागे सुमारे ६ सें. मी. झाले तर इंजिनाच्या एका फेऱ्यात मागची कप्पी सव्वापेक्षा जास्त फिरेल. मधली सगळी प्रमाणेही मिळतात, धक्का न बसता.

पण तबकडी सरकवतो कोण? पुढच्या कप्पीच्या सरकत्या तबकडीमागे तिरप्या खोबणी असतात आणि त्यांत बहुधा ६ छोटे रोलर बसवलेले असतात. इंजिन जोरात फिरू लागले की हे रोलर बाहेरच्या बाजूला धावतात, खोबणीच्या तिरप्या भिंतीवर दाबतात आणि तबकडी बाजूला सरकते. (येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, ''सर, केंद्रोत्सारी बल हे खरे बल नव्हे.'' अगदी बरोबर. रोलरला सरळ रेषेत जावयाचे असते. तिरपी भिंत त्याला आत वळवते, आणि भिंतीवर जी प्रतिक्रिया होते तीच तबकडीला सरकवते. गॅरेजात मात्र एवढे बोलायला वेळ नसतो.)

हे बल किती असते ते काढून पाहा. रोलर १० ग्रॅमचा, अक्षापासून ४ सें. मी. अंतरावर आणि इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरते आहे असे धरा. कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३१४ रेडियन होतो. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला की ३९ ते ४० न्यूटन येतात. म्हणजे १० ग्रॅमचा तो इवलासा रोलर ४ किलो वजनाइतका रेटा देतो! फेऱ्या दुप्पट केल्या तर बल चौपट, म्हणजे १६ किलोच्या वजनाइतके.

आता मी केलेल्या चुकीकडे वळण्यापूर्वी याच आकड्यांतून एक गोष्ट ताडता येते ती पाहू. रोलर झिजून १० ग्रॅमचा ९ ग्रॅम झाला तर काय बिघडेल? तेवढेच बल मिळवण्यासाठी फेऱ्या फक्त ५ टक्क्यांनी वाढाव्या लागतील. म्हणजे वजन घटल्याने फारसे काही होत नाही. खरा त्रास वेगळाच आहे. झिजलेला रोलर गोल राहत नाही, त्याला एका बाजूला सपाटी येते. मग तो लोळत नाही, घसटत जातो. लोळण्याचे घर्षण थोडे, घसटण्याचे पुष्कळ. त्यामुळे तबकडी अडखळत सरकते आणि स्कूटर मध्येच हिसका देते. 'रोलर झिजले' हे दोनच शब्द, पण त्यातून निघणारी लक्षणे कोणती आणि न निघणारी कोणती हे वहीत दोन ओळी गणित मांडले असते तर मला कळले असते. माझी स्कूटर हिसके देत नव्हतीच!

रोलर वेग ओळखतात. पण चढ कोणी ओळखायचा? हे काम मागच्या कप्पीचे. तेथे एक दणकट स्प्रिंग सरकत्या तबकडीला पक्क्या तबकडीकडे ढकलत असते. शिवाय सरकत्या तबकडीच्या नळीला तिरप्या खाचा असतात आणि त्यांत पिना बसवलेल्या असतात. चढावर चाकाकडून ओझे वाढले की पट्टा तबकडीला किंचित पिळतो, आणि तिरप्या खाचेमुळे त्या पिळाचे रूपांतर सरकण्यात होते. बरणीचे टोपण पिळले की ते खाली जाते तसेच. तबकड्या जवळ येतात, पट्टा मागे वर चढतो, पुढे खाली उतरतो, आणि स्कूटर स्वतःहून खालच्या गिअरमध्ये येते. मला या रचनेचे फार कौतुक वाटते. ना तार, ना सर्किट. एका टोकाला वेग मोजणारे रोलर, दुसऱ्या टोकाला ओझे मोजणारी तिरपी खाच, आणि दोघांची रस्सीखेच जेथे तुल्यबळ होईल ते गिअरचे प्रमाण.

मोटारींतही वेगळे काही नसते. जुन्या मोटारींच्या तेलावर चालणाऱ्या स्वयंचलित गिअरपेटीत वेगाप्रमाणे बदलणारा तेलाचा एक दाब आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे त्याप्रमाणे बदलणारा दुसरा दाब एका झडपेच्या दोन टोकांवर येतात आणि जो जिंकेल त्याप्रमाणे गिअर बदलतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली विक्रीला आणलेल्या 'हायड्रा-मॅटिक' पेटीपासून कित्येक दशके हीच पद्धत चालली. किती वेगाने चाललो आहोत आणि किती ओढायचे आहे, हे दोनच प्रश्न. म्हणून अशी पेटी जुनी होऊन गिअर उशिरा टाकू लागली किंवा मध्येच सुटू लागली की शहाणा कारागीर ती लगेच उघडत नाही. तो आधी तेलाची पातळी पाहतो, तेलाचा रंग आणि वास पाहतो, आणि विचारतो: थंड असताना होते की तापल्यावर? एकाच गिअरमध्ये की सगळ्यांत? तेल कमी झाले तर सगळीकडचाच दाब ढिला पडतो, मग एका गिअरला दोष देण्यात अर्थ काय?

तर माझी स्कूटर. शेवटी एका स्नेह्याने मला उस्मानपुऱ्याकडील एका जुन्या कारागिराकडे पाठवले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. उस्तादांनी पाना हातात घेतला नाही. ओट्यावर बसूनच विचारले, ''सर, घाटात इंजिनाचा आवाज वाढतो का दबतो?''

मी म्हणालो, ''दबतो.''

''मग पट्टा कशाला बदलला? पट्टा घसरला असता तर इंजिन ओरडलं असतं आणि गाडी मागं राहिली असती. क्लचचंही तेच.''

मी गप्प. उस्ताद पुढे म्हणाले, ''बरं, घाटात गाडी थांबवून, अर्धा मिनिट इंजिन तसंच चालू ठेवून, पुन्हा उठवली तर चढते का?''

हे मी कधी पाहिलेच नव्हते. ''जाऊन या,'' ते म्हणाले. मी त्याच दिवशी गेलो. जेथे स्कूटर हार खात असे त्याच वळणावर थांबलो, घड्याळ लावून अर्धा मिनिट काढले, आणि मूठ पिळली. स्कूटर सरळ वर गेली! तोच चढ, तेच ओझे, तेच इंजिन.

आता विचार करा. या एका फेरीत किती शंका एकदम बाद झाल्या? इंजिन दुबळे असते तर थांबून निघाल्यावरही ते दुबळेच राहिले असते. म्हणजे कार्ब्युरेटर सुटला, प्लग सुटला. आवाज वाढत नव्हता, म्हणजे पट्टा आणि क्लच सुटले. खालचा गिअर मिळाला की स्कूटर चढते, हे सिद्ध झाले. म्हणजे दोष एकच: चालता चालता ती वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये वेळेवर परत येत नाही. थांबल्यावर कप्प्या ओझ्याविना फिरत राहतात, स्प्रिंगला अर्धा मिनिट सवड मिळते आणि पट्टा सावकाश जागेवर येतो. तेव्हा काही तरी अडकलेले नव्हते, सुस्तावलेले होते.

पुढची किंवा मागची, अशी एकच शंका उरली होती. उस्तादांनी इंजिन बंद असताना बाजूचे झाकण काढले, पट्टा उतरवला आणि मागची सरकती तबकडी दोन्ही हातांनी पिळून सोडली. ती झटकन परत यावयास हवी होती. ती म्हाताऱ्या माणसासारखी, दम खात खात, परत आली. आत ग्रीस वाळून काळे मेण झाले होते आणि त्यात पट्ट्याची भुकटी मिसळली होती. पिना एका बाजूने खाल्ल्या गेल्या होत्या. नव्या पिना, रबरी कडी आणि बोटावर मावेल एवढे ग्रीस. मजुरीसकट झालेला खर्च माझ्या आधीच्या तिन्ही बिलांपैकी सर्वांत लहान बिलापेक्षाही कमी होता. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघेही स्कूटरवर बसून खुलताबादला पोहोचलो.

मला लाज वाटली ती पैशांची नव्हे. उस्तादांना जे ठाऊक होते त्यांतले पदार्थविज्ञान मला त्यांच्याहून अधिक ठाऊक होते. मला कोनीय वेगाचा वर्ग ठाऊक होता. मला नव्हती ती एक साधी सवय: ज्याच्या उत्तराने अर्ध्या शंका मरतील असा प्रश्न आधी विचारायचा. मी शंकेमागून शंका घेऊन वस्तू बदलत सुटलो. त्यातही रोलर आणि क्लच एकाच दिवशी बदलले, म्हणजे योगायोगाने स्कूटर सुधारली असती तरी कशामुळे सुधारली हे कळले नसते. प्रयोगात एका वेळी एकच राशी बदलावी, हे वाक्य मी दर जूनमध्ये अकरावीच्या वर्गात सांगतो!

ही सवय मला का नव्हती याचा विचार करता करता मी आमच्या प्रयोगशाळेपर्यंत आलो. आपली प्रात्यक्षिके कशी चालतात ते विद्यार्थ्यांना सांगायला नको आणि शिक्षकांनी मनाला लावून घेऊ नये. लंबकाचा प्रयोग करताना उत्तर ९.८ च्या आसपास यावयाचे हे आधीच ठाऊक असते. मीटर ब्रिजवर रोध किती यावा ते मागच्या वर्षीच्या वहीत असते. निरीक्षण जुळले नाही तर उपकरणात काय बिघडले असेल हे कोणी शोधत नाही. निरीक्षणच जुळवून घेतात. आम्ही शिक्षक ते ओळखतो आणि सही करतो, कारण पुढची तुकडी दारात उभी असते. अशा तऱ्हेने वर्षानुवर्षे विद्यार्थी एकच गोष्ट पक्की शिकतो, की बिघाड ही लपवण्याची वस्तू आहे. माझ्या मते हे नुकसान एखादा धडा गाळण्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा मोठे आहे. उद्या याच मुलांतला कोणी डॉक्टर होईल, कोणी वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात अभियंता होईल, आणि तेथे 'अपेक्षित उत्तर' कोणी आधी छापून ठेवलेले नसेल.

म्हणून माझे म्हणणे असे, की आठवीपासून बारावीपर्यंत दर वर्षी एक तरी प्रात्यक्षिक बिघाड शोधण्याचे असावे. वस्तू साधी असली तरी चालेल: शिक्षकांनी मुद्दाम एक जोड ढिला ठेवलेली विजेची घंटा, न पेटणारी बॅटरी, फ्रीव्हील मध्येच सुटणारी सायकल. वहीत चार रकाने आखावेत. काय दिसते, शंका कोणती, कोणती कसोटी लावली, आणि त्या कसोटीने काय बाद झाले. गुण चौथ्या रकान्याला द्यावेत. बिघाड सापडला नाही तरी, चार शंका रीतसर बाद करणाऱ्याला नशिबाने सापडलेल्यापेक्षा जास्त गुण मिळाले पाहिजेत.

मी हे आमच्या वर्गात करून पाहिले. एका साध्या मंडलात बटनाच्या आतला तांब्याचा तुकडा कागदाने झाकून ठेवला आणि दिवा लागत नाही एवढेच सांगितले. पहिल्याच मिनिटाला जवळजवळ प्रत्येक गटाने सेल बदलून मागितला. का, असे विचारल्यावर एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितले, ''सर, सेल बदलणं सोपं आहे म्हणून.'' मला माझा पट्टा आठवला. मग मी सेलच देणे बंद केले आणि हातात फक्त एक वायरचा तुकडा दिला. तेव्हा कुठे एका गटाने मंडलाचा एकेक भाग त्या वायरने ओलांडून पाहावयास सुरुवात केली. आधी मधोमध, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. (कमी दाबाच्या सेलवरच असे करावे आणि वायर सेलच्या दोन टोकांना लावू नये, हे सांगितलेच पाहिजे. घरातल्या विजेवर तर हा खेळ मुळीच करू नये.) त्यांना बिघाड सापडायला पाऊण तास लागला, आणि घंटा झाल्यावरही ते जागचे हलले नाहीत.

माझ्या एका शिक्षकमित्राला ही कल्पना सांगितली तेव्हा त्याने विचारले, ''साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, आणि एक शिक्षक. हे जमवायचं कसं?'' त्याचे खरे आहे. दर आठवड्याला हे जमणार नाही, वर्षातून एकदा जमेल. आणि घंटा सहा असल्या तर दहा-दहांचे गट करता येतील. दहाच्या गटात चार जण नुसते पाहत उभे राहतात हेही मला ठाऊक आहे. यावर माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. पण आजच्या पद्धतीत साठही जण वहीच उतरवतात, तेव्हा सहा जण शोधू लागले तरी तोटा कसला?

दुसरा आक्षेप एका पालकांनी घेतला आणि तो मला अधिक झोंबला. ते म्हणाले, ''आमच्या मुलाला मिस्त्री व्हायचं नाही.'' आय. टी. आय. मधला मोटार मेकॅनिकचा विद्यार्थी लक्षणावरून दोषाकडे जावयास रीतसर शिकतो आणि शास्त्र शाखेचा विद्यार्थी शिकत नाही, यात भूषण कोणाचे? हाताला ग्रीस लागले की विद्या कमी होते ही आपली जुनी समजूत आहे, आणि तिचे बिल मी साडेतीन हजारांच्या रूपाने भरलेले आहे.

कोणी म्हणेल, आता संगणकाचे युग आहे, मोटारीला स्कॅनर लावला की दोष पडद्यावर उमटतो. आमच्या शहराजवळ शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा मोटारी जोडल्या जाऊ लागल्या, तेव्हापासून इथल्या गॅरेजवाल्यांनाही संगणकाची सवय झाली. स्कॅनर उपयोगी आहेच. पण तो दाखवतो तो सांकेतिक क्रमांक बहुतेक वेळा 'अमुक ठिकाणी अपेक्षेपेक्षा वेगळे दिसले' एवढेच सांगतो. गिअरचे प्रमाण चुकले असा संकेत तेल कमी झाल्याने येईल, घसरणाऱ्या क्लचने येईल, किंवा फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरची वायर कुरतडली गेली तरी येईल. तिघांना वेगळे करणारा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो. उस्तादांच्या कानाला आवाज दबल्याचे कळते. स्कॅनरला तोच आकडा कळतो. पुढचे काम दोघांनाही सारखेच.

उस्तादांना मी आमच्या कॉलेजात एक दिवस येण्याची विनंती केली आहे. ते आधी नाही म्हणाले. ''मी काय सांगणार सर, मी सातवी शिकलेला.'' मग म्हणाले, ''मुलं प्रश्न विचारणार असतील तर येतो.'' जुनी मागची कप्पी, पट्टा आणि सपाट झालेले ते सहा रोलर मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले आहेत.

तोपर्यंत तुमच्यासाठी त्यांनीच सुचवलेले एक कोडे देतो. एक बिनगिअरची जुनी स्कूटर मधल्या स्टँडवर उभी आहे. इंजिन चालू आहे, मूठ पिळलेली नाही, तरी मागचे चाक जोराने फिरते आहे, आणि स्टँडवरून काढताच ती पुढे सरकू पाहते. अशा स्कूटरमधला क्लच म्हणजे घंटेच्या आकाराच्या वाटीच्या आत फिरणारे तीन शू. फेऱ्या वाढल्या की ते बाहेर फाकतात आणि वाटीला धरतात. फेऱ्या कमी झाल्या की छोट्या स्प्रिंगा त्यांना आत ओढून घेतात. आता दोन शंका आहेत. एक, इंजिन मोकळे असताना गरजेपेक्षा वेगाने फिरते आहे. दोन, त्या छोट्या स्प्रिंगांपैकी एखादी ढिली झाली आहे किंवा तुटली आहे. झाकण न उघडता, एकही वस्तू न बदलता, या दोहोंपैकी कोणती शंका खरी हे कोणत्या एका कसोटीने ठरवाल? फिरत्या चाकाजवळ हात नेऊ नका, आणि घरच्या स्कूटरवर करून पाहायचे असेल तर मोठ्या माणसाला जवळ उभे करा. उत्तराबरोबर चौथा रकानाही भरून पाठवा.